दोन वर्ग, एक बाई: छोट्या जि.प. शाळेत आठवडा कसा लावायचा

जून आला की नवीन ऑर्डर मिळालेल्या शिक्षणसेवकांचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, की बाई, शाळा द्विशिक्षकी आहे, माझ्याकडे पहिली-दुसरी दिलीय, एका वर्गाला शिकवायला लागले की दुसरा वर्ग गोंधळ घालतो, काय करू. आपल्या सातारा जिल्ह्यात हे काही नवीन नाही, जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या शाळा घ्या नाहीतर माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवरच्या घ्या, पट (मुलांची संख्या) कमी आणि शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे एकाकडे दोन वर्ग येणारच. तर जे मेसेजवर तुकड्या-तुकड्यात सांगते ते एकदा नीट सगळं लिहून काढतेय, ज्याला उपयोग होईल त्यानं घ्यावं.

पहिली गोष्ट, दिवसाचा प्लॅन करू नका, आठवड्याचा करा. टाचण, म्हणजे काय शिकवणार त्याची नोंद, रोजचं लिहावं लागतं ते लिहाच, पण डोक्यात गणित आठवड्याचं ठेवा, कारण दिवस कधी हातातून जाईल सांगता येत नाही, अचानक केंद्रावर मीटिंग लागते, कुठलीतरी माहिती आजच्या आज ऑनलाइन भरायची असते, पाटणकडं तर जुलैत ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीवरची मुलं येऊच शकत नाहीत. दिवस मोडला की नवीन शिक्षक लगेच निराश होतो, की आज काहीच झालं नाही. आठवडा मात्र सहसा पूर्ण मोडत नाही, मंगळवारी राहिलेलं गुरुवारी धरता येतं.

दुसरी गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका. आठवड्यातून एकदा वर्गातल्या प्रत्येक मुलानं तुमच्या शेजारी बसून, एकट्यानं, तुम्हाला वाचून दाखवलं पाहिजे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. हुशार पोरगी असू दे नाहीतर तीन दिवस गैरहजर राहून आलेला असू दे. सामूहिक वाचनात काय होतं बघा, पुढची चार मुलं वाचतात आणि मागची सोळा त्यांच्या आवाजात आवाज मिसळतात, पाठ झालेली कविता तर पुस्तक उलटं धरूनही म्हणतात, आणि बाईंना वाटतं सगळ्यांना येतंय. मग दिवाळीनंतर कळतं की सहा जणांना अजून मात्रा-वेलांटी लागत नाही. 20 मुलं धरली तर सोमवार ते शुक्रवार रोज चार मुलं होतात, एकाला चार-पाच मिनिटं, म्हणजे रोजची वीस मिनिटं. कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस सांगितलेत, सुट्ट्याबिट्ट्या धरून साधारण पस्तीस आठवडे तरी मिळतात, म्हणजे एका मुलानं वर्षात पस्तीस वेळा तुमच्या कानाजवळ वाचलेलं असतं, यात मागे राहिलेलं मूल लपूच शकत नाही.

ही वीस मिनिटं आणायची कुठून, तर त्यासाठी बाकीचा आठवडा लावायचा.

परिपाठापासून सुरू करू. राष्ट्रगीत, राज्यगीत (2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' आहे), प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, हे सगळं रोज पूर्ण करायला गेलात तर पाऊण तास जातो आणि बारकी पोरं उन्हात उभी राहून चुळबुळ करायला लागतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा रोज होणारच, बाकीचं आठवड्यात वाटून टाका, सोमवारी दिनविशेष, मंगळवारी कोडी, बुधवारी गोष्ट असं. आणि आठवड्याचा एक गट ठरवा, चौथीचा एक, तिसरीचा एक, खालच्या वर्गातले दोघं, परिपाठ त्यांनीच घ्यायचा, बाई फक्त उभ्या. दिनविशेषात कुठल्यातरी लांबच्या शास्त्रज्ञाची जन्मतारीख वाचून दाखवली की पोरांना काही देणंघेणं नसतं, पण आपल्याच जिल्ह्यातलं सांगा मग बघा. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्यांचं नायगाव आपल्या खंडाळा तालुक्यात. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं, म्हणून तो विद्यार्थी दिवस. कर्मवीर अण्णांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती कराडजवळच्या काले गावात. पोरं लगेच विचारतात, बाई तिकडं एसटी जाती का, आणि तिथून दिवस चांगला सुरू होतो.

आता सोमवार, कारण सोमवार माझ्या मते आठवड्यातला सगळ्यात श्रीमंत दिवस आहे आणि बहुतेक ठिकाणी तो गृहपाठ तपासण्यात जातो. रविवारी मुलांच्या आयुष्यात खूप काही घडलेलं असतं. पहिला तास दप्तर उघडूच द्यायचं नाही, गोल बसवायचं आणि एकेकानं कालची बातमी सांगायची. कुणाकडं शेळी व्यायली, कुणी आज्जीबरोबर देवाला जाऊन आलं, कुणाच्या पप्पांनी रात्री मोटार चालू करून उसाला पाणी दिलं, कुणाचा चुलता मुंबईहून आला. त्यातल्या तीन-चार बातम्या फळ्यावर लिहायच्या, मोठ्या अक्षरात, मुलानं सांगितल्या तशा. "आमच्या शेरडानं दोन करडं दिली." पुस्तकात शेळी आहे म्हणून लगेच पोराला टोकायचं नाही, त्याचं वाक्य त्याच्या शब्दात वर लिहा, खाली पुस्तकातला शब्द वापरून तेच वाक्य लिहा, दोन्ही राहू दे. टोकलं की ते मूल पुढच्या सोमवारी तोंडच उघडत नाही, हे मी खूप वर्गांत बघितलंय.

ही फळ्यावरची वाक्यं म्हणजे त्या आठवड्याचा धडा समजा. पहिलीतल्या मुलांनी त्यातलं 'क' कुठं कुठं आहे ते शोधून गोल करायचं, दुसरीनं वाक्य वहीत उतरवून खाली चित्र काढायचं, तिसरी-चौथी तुमच्याकडे असेल तर त्यांनी स्वतःची बातमी पाच ओळीत लिहायची. एकच मजकूर आणि दोन वर्गांना दोन कामं, यालाच बहुवर्ग अध्यापन म्हणतात, वेगळं काही मोठं नाही. आणि आपल्या घरातल्या करडाचं वाक्य आहे म्हटल्यावर जे मूल एरवी पुस्तकाकडं बघत नाही ते सुद्धा बोट ठेवून वाचतं. ती वाक्यं कार्डशीटवर उतरवून भिंतीला लावा, शुक्रवारपर्यंत येता-जाता वाचली जातात. जुनी झाली की फेकू नका, भोकं पाडून दोऱ्यात ओवली की वर्गाचं स्वतःचं पुस्तक तयार होतं, वर्षाच्या शेवटी ते पुस्तक मुलं लायब्ररीतल्या पुस्तकांपेक्षा जास्त वेळा काढून वाचतात.

मंगळवार, बुधवार, गुरुवार हे कामाचे दिवस. यात मुख्य कसब एकच, की तुम्ही एका वर्गाजवळ असताना दुसऱ्या वर्गाच्या हाताला काम पाहिजे आणि ते काम बाईंना न विचारता करता आलं पाहिजे. गोंधळ होतो तो पोरं वाईट आहेत म्हणून होत नाही, त्यांना काय करायचं ते कळलेलं नसतं म्हणून होतो. म्हणून घंटा व्हायच्या आधी फळ्याचे दोन भाग करून दुसऱ्या वर्गाचं काम लिहून ठेवा. तास चाळीस मिनिटांचा असेल तर वीस-वीसचे दोन तुकडे, सुरुवातीची वीस मिनिटं दुसरीला शिकवा आणि पहिलीला हाताचं काम, मग अदलाबदल. हाताचं काम रोज नवीन शोधत बसू नका, चार-पाच प्रकार ठरवून टाका आणि तेच फिरवा: चित्र आणि शब्द यांची कार्डं जुळवणे, काड्यांचे गठ्ठे करून संख्या मांडणे, पाटीवर आजचे शब्द लिहून शेजाऱ्याला दाखवणे, वाचन कोपऱ्यातलं पुस्तक चित्रं बघत चाळणे, मातीनं किंवा चिंचोक्यांनी अक्षर गिरवणे. पहिले दोन-तीन आठवडे फक्त हे प्रकार शिकवण्यात गेले तरी चालतील, म्हणजे कार्डं कुठून घ्यायची, परत कुठं ठेवायची, अडलं तर आधी गटप्रमुखाला विचारायचं आणि मगच बाईंकडं यायचं. जून-जुलै यात गेला की ऑगस्टपासून वर्ग आपोआप चालतो. आपल्याच सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या पद्धतीचं, काम करून दाखवलं तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला यायचे, आणि तिथं बघण्यासारखं हेच होतं की पोरं जमिनीवर साहित्य मांडून आपापली शिकतायत. भारी साहित्य विकत आणायची काही गरज नाही, खडे, बिया, काड्या, बाटल्यांची झाकणं गावात फुकट मिळतात.

पहिलीला अक्षरं शिकवताना क ख ग घ या क्रमानं जाऊ नका एवढंच सांगते. ग, म, भ, न असा सोप्या वळणाचा गट आधी घ्या, चार अक्षरं आली की लगेच मग, मन, गगन, नमन असे शब्द वाचता येतात आणि मुलाला पहिल्याच महिन्यात वाटतं की मला वाचता येतंय. 'ङ' आणि 'ञ' ला काही घाई नाही.

आता ती वीस मिनिटं वाचनाची. माझा अनुभव असा की मधल्या सुट्टीनंतरचा पहिला अर्धा तास याला बरा पडतो, पोट भरलेलं असतं, दोन्ही वर्गांना हाताचं काम द्यायचं आणि व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात बस्कर टाकून बसायचं. टेबलासमोर मुलाला उभं करू नका, शेजारी बसवा, पुस्तक दोघांच्या मध्ये. एक शंभर पानी वही करा, प्रत्येक मुलाला तीन-चार पानं, आणि दर वेळी तीनच गोष्टी लिहा, तारीख, काय वाचलं, कुठं अडलं. "अडलं" नेमकं लिहा. 'वाचन कच्चे' असं लिहून काही उपयोग नाही. 'अनुस्वार सोडतो', 'पहिलं अक्षर बघून शब्द अंदाजानं म्हणते', 'ट आणि ठ मध्ये घोटाळा', 'स्वच्छ, पुस्तक असे जोडाक्षरं आले की थांबते', असं लिहा, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्या मुलाला काय द्यायचं ते वहीच सांगते. मूल अडलं की लगेच शब्द सांगायचा नाही. मनातल्या मनात पाच म्हणा. बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला मूल स्वतःच वाचतं. तरी नाहीच आलं तर शब्दाचा पहिला तुकडा झाकून मागचा वाचायला सांगा, मग उलटं.

मूल नेमकं कुठल्या पायरीवर आहे ते कळायला 'असर' या प्रथम संस्थेच्या सर्वेक्षणातला क्रम सोपा आहे, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढं महिन्यातून एकदा ती पायरी टाका. 2021 पासून निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं काम सुरू आहे, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत हेच त्याचं ध्येय आहे, तर त्या कागदांसाठी जी माहिती मागतात ती या एकाच वहीतून निघते, वेगळं काही करावं लागत नाही. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले तर हीच वही पुढं करा.

गणितात पहिली-दुसरीचा सगळ्यात मोठा अडथळा माझ्या मते बेरीज-वजाबाकी नाही, संख्यांची नावं आहेत. तेवीस म्हणताना तीन आधी कानावर येतो, मूल ऐकतं तसं लिहितं आणि 32 होतात. एकोणतीस ऐकलं की तीस कानात बसतं आणि 39 लिहिलं जातं. यात पोराचा काही दोष नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता आठवत असेल, पण वाद बाजूला ठेवून वर्गात दोन्हीचा उपयोग करा. आधी काड्या. तुरकाठ्या नाहीतर कडब्याची चिपाडं सारख्या मापाची कापून आणा, दहाचा एक गठ्ठा रबरानं बांधा. दोन गठ्ठे, तीन सुट्या, 'वीस आणि तीन', लिहा 23, आणि मग 'याचं नाव तेवीस'. हा क्रम मोडायचा नाही, आधी हात, मग लिहिणं, मग नाव. एकोणच्या संख्यांना तीन गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढून दाखवा, म्हणजे एक गठ्ठा सुटतो आणि दोन गठ्ठे, नऊ सुट्या उरतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की एकोणतीस परत चुकत नाही. नव्व्याण्णवला एकोण लागत नाही हे पण मुलांनाच शोधू द्या, फार खूश होतात.

रोजच्या जेवणात सुद्धा गणित आहे, ते फुकट जाऊ देऊ नका. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोजचे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली असते. हजेरी झाली की दोन मुलांनी आजचा आकडा खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सांगून यायचं. तिसरी-चौथीच्या मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात हिशोब मांडायचा, आज 22 हजर म्हणजे तांदूळ 2 किलो 200 ग्रॅम, डाळ 440 ग्रॅम, भाजी 1 किलो 100 ग्रॅम. बारक्यांनी ताटं मोजायची, पाच-पाचच्या ओळी लावायच्या. किलो-ग्रॅमचा धडा मार्चमध्ये येईपर्यंत मुलांच्या अंगात मुरलेला असतो. वजन करायला काटा असतोच, मुलांना त्याच्याजवळ उभं राहू द्या.

मग येतो गावचा बाजाराचा दिवस. तुमच्या गावाचा किंवा शेजारच्या मोठ्या गावाचा आठवडी बाजार ज्या वारी असेल त्या दिवशी दुपारनंतर पट उतरतो, आई भाजी विकायला जाते, पोरगं पिशवी धरायला जातं. रागावून उपयोग होत नाही, त्या दिवशी अवघड धडा ठेवू नका आणि दुसऱ्या दिवशी बाजारच वर्गात आणा. प्रत्येकानं तीन भाव सांगायचे. समजा मेथीची जुडी 10 ला, कांदा 30 ला किलो, टोमॅटो 20 ला अर्धा किलो. फळ्यावर भावाची यादी झाली की पहिलीनं खेळण्यातल्या नोटा-नाणी मोजून 10 रुपये करायचे, दुसरीनं दोन वस्तूंची बेरीज, तिसरीनं पाव किलोचा भाव काढायचा, चौथीनं 100 ची नोट दिली तर परत किती. ज्या मुलाला तुम्ही गणितात कच्चा समजत होता तो तोंडी हिशोब सगळ्यांच्या आधी करतो, कारण तो दर आठवड्याला आईबरोबर बसतो. त्याचं ते तोंडी गणित कागदावर कसं मांडायचं एवढंच तुम्हाला शिकवायचं असतं, आणि ते त्याला वर्गासमोर मांडू द्या, त्या मुलाचा शाळेतला मान त्या दिवशीपासून बदलतो.

कराड, फलटण, कोरेगाव, वाळवा या पट्ट्यात शाळा असेल तर दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्यांची मुलं येणार. बीडकडची बरीच असतात. कारखान्याचा हंगाम संपला की ती जाणार, म्हणून कुणी कुणी त्यांना नुसतं बसवून ठेवतं, पट दाखवतं, यानं मला फार त्रास होतो. कायदा स्पष्ट आहे, कागद नसले तरी वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा, वर्षात कधीही. शिक्षण हमी कार्ड (गाव सोडून जाणाऱ्या मुलाला आधीची शाळा देते ते) घेऊन आलं असेल तर त्यावरून मागची माहिती मिळते, नसेल तर आल्या दिवशीच शेजारी बसवून वाचून घ्या आणि वहीत त्याचं पान उघडा. आठवड्याचा प्लॅन इथं खरा कामाला येतो, कारण दर सोमवारी सगळं नव्यानं सुरू होतं, त्या मुलाला मागचं बुडालं असं वाटत नाही. सोमवारी त्याची बातमी पहिली घ्या, त्याच्या गावाची, कोपीची (तोडणी कामगारांच्या झोपडीची), बैलांची. त्याच्याकडं बैलगाडी आहे म्हटल्यावर गावातली पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. जोडीदार द्या, शक्यतो त्याच वस्तीकडून येणारा. आणि जाताना त्याच्या वाचनाच्या पानाचा फोटो काढून पालकांच्या मोबाईलवर पाठवा, हमी कार्डावर नीट भरून द्या, म्हणजे तिकडच्या शिक्षकाला 'याला काय येतं' हे पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.

शुक्रवार तपासणीचा, पण परीक्षा म्हणू नका. आठवड्यात आलेले पाच-सहा शब्द पाटीवर श्रुतलेखन, पाच उदाहरणं, तेवढंच. पाटीच वापरा, पुसता येते म्हणून मुलं घाबरत नाहीत. ज्यांना तीनपेक्षा जास्त चुकलं त्यांची नावं पुढच्या आठवड्याच्या वाचन यादीत सोमवारी टाका, म्हणजे त्यांच्यासाठी आठवडा लवकर सुरू होतो. गैरहजेरीमुळे ज्यांचं वाचन राहिलं त्यांचं आज कसंही करून घ्या. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीच्या, नोंदी पण आजच टाका, सत्र संपताना सगळ्यांच्या एकदम लिहायला बसलं की सगळ्यांना एकच वाक्य लिहिलं जातं.

शनिवार सकाळची शाळा. 2024 पासून आनंददायी शनिवारचा उपक्रम पहिली ते आठवीला आला, त्याआधी पण बऱ्याच शाळा दप्तराविना शनिवार करत होत्याच. कवायत, योगा, लेझीम झाली की वर्गात कोंडू नका, बाहेर काढा. ओढा, रोपवाटिका, पोस्ट, दूध डेअरी, सुताराचं घर, गावाच्या शंभर पावलांत पुष्कळ काही असतं. आषाढात बेंदूर हा बैलांचा सण असतो, त्या शनिवारी एखाद्याच्या गोठ्यात जाऊन शिंगं रंगवताना बघा, सोमवारी त्याच्या बातम्या आपोआप येतात. हंगामात कराड भागात गुऱ्हाळं चालू असतात, मी तर म्हणेन वर्षातून एकदा गुऱ्हाळावर न्याच. जायच्या आधी गुळव्याला विचारून वेळ ठरवा, पालकांना ग्रुपवर कळवा, एक शिक्षक पुढं एक मागं, निघताना आणि परतताना पट मोजायचा, आणि काहिलीपासून (रस उकळायच्या मोठ्या कढईपासून) लांब दोरी नाहीतर फक्कीची रेघ आखून घ्या, रस उकळता असतो, यात तडजोड नको. मुलांना निघतानाच दोन प्रश्न द्या, फक्त दोन. रस किती वेळात घट्ट होतो आणि किती उसाचा किती गूळ होतो. दहा किलो उसाला साधारण एक किलोच गूळ पडतो हे गुळव्याच्या तोंडून ऐकल्यावर पोरं थक्क होतात, बाकीचं पाणी कुठं गेलं म्हणून विचारतात, तिथंच वाफ शिकवून होते. परत आल्यावर लिहायला नको, चित्र काढू द्या, लिहिणं सोमवारी.

पालकांबद्दल थोडं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज वीस फोटो टाकण्यापेक्षा शुक्रवारी एक मेसेज टाका, आवाजात रेकॉर्ड करून, कारण बऱ्याच आयांना दिवसभर भांगलून आल्यावर लांब मेसेज वाचायला होत नाही. काय शिकलो, पुढच्या आठवड्यात काय, आणि घरी एकच काम. घरचं काम असं द्या की जे घरातल्या कुणालाही जमेल, शाळा न शिकलेल्या आज्जीला सुद्धा. आपल्या शिवारातल्या शेतांची नावं विचारून या, आजीच्या लग्नात जेवायला काय होतं विचारून या, पाच पावसाची चिन्हं विचारून या. दहा उदाहरणं दिली की ज्याच्या घरी शिकलेलं माणूस आहे त्याचीच होऊन येतात आणि ज्याला गरज आहे ते मूल सोमवारी भीतीनं शाळेलाच येत नाही. आणि कुठल्याही पालकाशी पहिल्यांदा बोलाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, वहीतलं त्याच्या मुलाचं पान उघडून दाखवा, जूनमध्ये कुठं अडत होतं, आता कुठं आहे. निरक्षर आईला पण दोन पानांतला फरक कळतो.

आठवडा मोडलाच, म्हणजे प्रशिक्षण लागलं, जत्रा आली, नाहीतर अतिवृष्टीची सुट्टी पडली, तर काय सोडायचं ते आधीच ठरवून ठेवा. शुक्रवारची पाटी सोडा, बाजाराचं गणित पुढं ढकला, परिपाठ राष्ट्रगीत-राज्यगीत-प्रतिज्ञेवर आणा, पण शेजारी बसून वाचन सोडू नका. तीनच दिवस मिळाले तर रोज सात मुलं घ्या आणि एकाला दोन परिच्छेदांऐवजी चार ओळी. तुम्ही रजेवर असाल तर वही कपाटात ठेवून जाऊ नका, जोडीदार शिक्षकाच्या हातात देऊन जा आणि कुणाकुणाचं राहिलंय त्या नावांवर पेन्सिलनं खूण करून जा. सुट्टीनं सोमवार गेला असेल तर बातम्या मंगळवारी घ्या, पोरं त्या साठवून ठेवून येतात.